धूर विरतो म्हणजे कुठे जातो?

एस.टी.च्या थांब्यावर उभं असताना आपण सगळ्यांनी एक गोष्ट केलेली आहे. गाडी सुटते, सायलेन्सरमधून काळा लोट निघतो, आपण घाईघाईनं नाकाला रुमाल लावतो. दहा आकडे मोजून होतात न होतात तोच लोट दिसेनासा होतो आणि रुमाल पुन्हा खिशात जातो. धूर विरला, असं आपण म्हणतो. हा 'विरणे' शब्द मोठा सोयीचा आहे. ढग विरतो, गाण्यातला स्वर विरतो, जुनं लुगडं विरतं. लुगडं विरलं तर त्याचे धागे कुठे गेले, हे कुणी विचारत नाही.

धुराच्या बाबतीत मात्र हा प्रश्न विचारावा लागला. तो विचारायला बरीच वर्षं लागली आणि उत्तर मिळायला आणखी काही दशकं. या शोधाचा बराचसा भाग अमेरिकेतल्या एकाच शहराभोवती घडला. ते शहर म्हणजे लॉस एंजेलिस. सिनेमावाल्यांचं म्हणून आपल्याला ते माहीत असतं. आज त्याची ओळख वेगळ्या कारणासाठी करून घेऊ.

२६ जुलै १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. पर्ल हार्बरवरच्या जपानी हल्ल्याला दोन वर्षंही झाली नव्हती. त्या दिवशी लॉस एंजेलिसवर तपकिरी धुक्याचा असा पडदा आला, की तीन चौकांपलीकडचं दिसेना. डोळ्यांना धारा लागल्या, घसे खवखवू लागले. जपानने विषारी वायू सोडला, अशी आवई उठली. जपानी नाहीत म्हटल्यावर मग गावातला गुन्हेगार शोधणं सुरू झालं. कृत्रिम रबरासाठी ब्यूटाडाईन बनवणारा एक कारखाना तिथं होता. त्याच्यावर संशय गेला. तो काही काळ बंद करून पाहिला. धुकं पुन्हा आलंच.

इथं त्या शहराची ठेवण सांगायला हवी. एका बाजूला समुद्र आणि बाकीच्या बाजूंना डोंगर. समुद्रावरून येणारी गार हवा खाली साचते आणि तिच्यावर उबदार हवेचा थर बसतो. एरवी जमिनीलगतची हवा तापते आणि वर जाते. इथं वरचीच हवा जास्त उबदार, त्यामुळे खालची वर जाऊ शकत नाही. पातेल्यावर झाकण ठेवावं तसं होतं. त्या पातेल्यात लाखो मोटारी रोज फिरत होत्या. पण मोटारीकडे बोट दाखवायला कुणी तयार नव्हतं. लोकांच्या डोळ्यांसमोर लंडनचा धूर होता आणि तो कोळशाचा होता. कोळसा जिथं जळत नाही तिथं धूर कसा, हा त्या काळातला बिनतोड प्रश्न होता.

उत्तर सापडलं ते अननसाच्या वासावर काम करणाऱ्या माणसाला. आरी हागेन-स्मिट हे मूळचे डच रसायनतज्ज्ञ लॉस एंजेलिसला लागून असलेल्या पॅसाडिनाच्या कॅलटेक या संस्थेत होते. पिकलेल्या अननसाला तो वास नेमका कशाने येतो, हे शोधण्यासाठी ते वाफा गोठवून त्यातले घटक वेगळे करत. तेच तंत्र त्यांनी गावच्या हवेला लावलं. खिडकीबाहेरची हवा अतिथंड नळीतून ओढली, तेव्हा नळीत तपकिरी, उग्र वासाचे थेंब जमले. १९५०च्या सुमारास त्यांनी उलगडा केला आणि १९५२ मध्ये सविस्तर मांडला. मोटारींतून आणि तेलशुद्धीकरण कारखान्यांतून निसटणाऱ्या न जळालेल्या पेट्रोलच्या वाफा आणि इंजिनात तयार होणारे नायट्रोजनचे ऑक्साइड यांवर ऊन पडलं, की ओझोन तयार होतो. डोळे झोंबतात ते याच क्रियेतल्या पदार्थांनी. त्या शहरात मोटारीच्या टायरांना इतर गावांपेक्षा लवकर भेगा पडत, त्याचंही कारण हाच ओझोन. वाकवलेली रबराची पट्टी हवेत ठेवायची आणि किती वेळात चिरते ते पाहायचं, अशी साधी मोजणीही तेव्हा वापरात होती. एवढ्या मोठ्या संशोधनात सायकलच्या दुकानात शोभणारी ही युक्ती मला फार आवडते.

हे सहजासहजी मान्य झालं नाही. तेल कंपन्यांच्या पैशावर चाललेल्या संशोधनानं त्यांच्या निष्कर्षाला आव्हान दिलं. वासांचे अभ्यासक असलेले हागेन-स्मिट मग काही वर्षं वादातच गुंतले. पुढे १९६८ मध्ये कॅलिफोर्नियाच्या हवा मंडळाचे पहिले अध्यक्ष तेच झाले.

आपल्या विषयाच्या दृष्टीनं या शोधातली एक गोष्ट महत्त्वाची. 'विरलेला' धूर नाहीसा होत नव्हता, तो दुसरंच काही बनत होता. सकाळी शहराच्या मध्यभागी सोडलेला धूर वाऱ्याबरोबर सरकत दुपारी कित्येक किलोमीटर दूरच्या वस्तीत ओझोन म्हणून हजर व्हायचा. उलट भर रस्त्यात ओझोन कमी असे, कारण सायलेन्सरमधून ताजा निघालेला नायट्रिक ऑक्साइडच तो खाऊन टाकतो. म्हणजे गाड्या एकीकडे आणि डोळ्यांना पाणी दुसरीकडे.

यामुळे एक अडचण मात्र झाली. सगळ्यांचं लक्ष 'शहराची हवा' या मोठ्या गोष्टीकडे लागलं. गावात एकूण किती धूर निघतो आणि गावभर मिळून तो किती होतो, याचे हिशेब मांडले जाऊ लागले. रस्त्याला लागून ज्याचं घर आहे त्याच्या वाट्याला किती येतो, हा प्रश्न मागे राहिला. सरासरीत हा माणूस हरवतो.

तो प्रश्न पुढे आला तो कागदपत्रांच्या गरजेतून. १ जानेवारी १९७० पासून अमेरिकेत एक राष्ट्रीय कायदा लागू झाला. केंद्र सरकारच्या पैशातून मोठा प्रकल्प करायचा, तर पर्यावरणावर काय परिणाम होईल ते आधी लिहून द्यायचं. आता महामार्ग बांधणाऱ्या अभियंत्यांपुढे पेच पडला. अजून जो रस्ताच झालेला नाही, त्याचा धूर बाजूच्या अंगणात किती पोहोचेल, हे सांगायचं कसं?

गणित तयार होतं, पण ते आलं होतं भलत्याच ठिकाणाहून. पहिल्या महायुद्धात विषारी वायूचा वापर झाल्यावर इंग्लंडमध्ये पोर्टन डाउन इथल्या लष्करी प्रयोगकेंद्रात एका प्रश्नाचा पद्धतशीर अभ्यास सुरू झाला. मैदानात सोडलेला वायू वाऱ्याबरोबर किती दूर जातो, किती रुंद पसरतो आणि किती पातळ होतो? ग्रॅहॅम सटन यांनी १९३०च्या दशकात तिथंच याची सूत्रं बसवली. एका ठिकाणाहून निघणाऱ्या धुरासाठी वेगळं सूत्र, ओळीनं सोडलेल्या धुरासाठी वेगळं. पुढे फ्रँक पास्क्विल यांनी ऊन, ढग आणि वाऱ्याचा वेग पाहून हवा किती घुसळली जाते, याचे ढोबळ वर्ग पाडून दिले. कारखान्यांच्या धुराड्यांसाठी हे वापरलं जाऊ लागलं. आणि महामार्ग म्हणजे तरी काय? आडवं घातलेलं धुराडंच. १९७२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या महामार्ग खात्यानं ही सूत्रं रस्त्याला लावून 'कॅलाइन' नावाचं मॉडेल तयार केलं. त्याच्या सुधारलेल्या आवृत्त्या पुढे जगभर वापरल्या गेल्या, आपल्याकडच्या अभ्यासांतही वापरल्या गेल्या. १९४३ साली लॉस एंजेलिसच्या लोकांना मोटारींच्या धुरात विषारी वायूचा हल्ला दिसला होता. तीस वर्षांनी त्याच धुराचा माग काढायला विषारी वायूचंच गणित कामाला आलं.

पण मैदानावरचं गणित गावात जसंच्या तसं चालत नाही. याच सुमारास कॅलिफोर्नियातल्याच सॅन होजे शहरात संशोधकांनी एका गजबजलेल्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंना, वेगवेगळ्या उंचीवर, कार्बन मोनॉक्साइड मोजला. दोन्हीकडे उंच इमारती आणि मध्ये रस्ता, म्हणजे डोंगरातली घळच. आपल्याकडचा लक्ष्मी रोड किंवा काळबादेवी डोळ्यांसमोर आणा. समजा, रस्ता दक्षिणोत्तर आहे आणि छपरांवरून वारा पश्चिमेकडून येतो आहे. आपण काय समजू? धूर पूर्वेकडे जाणार, तेव्हा पश्चिमेच्या फुटपाथवरून चालावं. प्रत्यक्षात उलटं घडतं. वारा छपरांवरून पलीकडे जातो, पूर्वेकडच्या इमारतींना थडकून त्यांच्या भिंतीवरून खाली उतरतो, जमिनीपाशी वळून मागे पश्चिमेकडे येतो आणि पश्चिमेच्या इमारतींना घासून वर चढतो. घळीत असा एक आडवा भोवरा फिरत राहतो. वरची ताजी हवा मिळते पूर्वेच्या फुटपाथला. गाड्यांचा धूर गोळा होतो पश्चिमेच्या फुटपाथवर, म्हणजे ज्या इमारतींची वाऱ्याकडे पाठ आहे त्यांच्या पायाशी. एकाच रस्त्यावर, एकाच वेळी, समोरासमोर बसलेल्या दोन पानवाल्यांची हवा सारखी नसते.

यानंतरचा प्रयोग तर नाटकासारखा आहे. १९७५ सालच्या नव्या अमेरिकन गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागले. धूर शुद्ध करणारं हे यंत्र एक नवी शंका घेऊन आलं. पेट्रोलमध्ये थोडं गंधक असतं. कन्व्हर्टर त्याचं सल्फेटमध्ये, म्हणजे गंधकाम्लाच्या सूक्ष्म थेंबांमध्ये रूपांतर करतो, असं दिसलं. सरकारी मॉडेलप्रमाणे गर्दीच्या महामार्गालगत हे आम्ल धोकादायक पातळीला पोहोचेल, अशी भीती निर्माण झाली. मग ऑक्टोबर १९७५ मध्ये जनरल मोटर्सनं मिशिगन राज्यात मिलफर्ड इथल्या आपल्या चाचणी-मैदानावर खोटा महामार्ग उभा केला. कन्व्हर्टर बसवलेल्या ३५२ गाड्या, ताशी ८० किलोमीटर वेगानं, अंतर राखून, फेऱ्यांवर फेऱ्या. तासाला सुमारे साडेपाच हजार गाड्या जाव्यात एवढी रहदारी. धुराचा माग काढण्यासाठी काही पिकअप गाड्यांमधून सल्फर हेक्झाफ्लोराइड हा वायू सोडत होते, कारण तो निसर्गात जवळजवळ नसतोच. रस्त्याच्या कडेला ठिकठिकाणी खांबांवर नमुने घेणारी उपकरणं होती.

निकाल मॉडेलपेक्षा वेगळा निघाला. वारा मंद असताना मॉडेल जेवढा धूर दाखवत होतं, त्यापेक्षा प्रत्यक्षात बराच कमी भरला. कारण मॉडेल गाडीला नुसता धूर सोडणारा ठिपका समजत होतं. पण धावणारी गाडी हवा फाडत जाते. तिच्या पाठीमागे हवेचे भोवरे उठतात, नदीत होडीच्या मागे पाणी घुसळतं तसे. सायलेन्सरमधून निघालेला धूर आधी या भोवऱ्यांत सापडतो आणि वारा त्याला हात लावायच्या आतच काही पटींनी पातळ होतो. शिवाय शेकडो इंजिनांच्या उष्णतेनं रस्त्यावरची हवा तापून वर उचलली जाते. आपला धूर पसरवायचं पहिलं काम गाडी स्वतःच करते. यानंतरच्या मॉडेलांमध्ये ही गोष्ट घालण्यात आली.

प्रयोग गाड्या विकणाऱ्या कंपनीनं केला होता आणि निकाल तिच्या सोयीचा होता, हे खरंच. पण मोजमापं इतकी नीटस होती, की पुढे वर्षानुवर्षं इतरांनी आपापली मॉडेलं याच आकड्यांवर घासून पाहिली. याची दुसरी बाजू मात्र तेव्हा फारशी कुणी बोलून दाखवली नाही. भोवऱ्यात घुसळलेला हा धूर रस्त्यावरच, गाडीच्या उंचीच्या आसपास, एका थरात भरून राहतो. पाठची गाडी त्यातून जाते आणि तिच्या आतली हवा तिथूनच येते. काचा बंद केल्या म्हणजे आपण धुराबाहेर, ही समजूत चुकीची आहे. अनेकदा फुटपाथवरच्या माणसापेक्षा मोटारीतला माणूसच जास्त धूर घेतो.

आता अंतराकडे येऊ. धूर शंभर फुटांवर किती, हजार फुटांवर किती? २००२ मध्ये लॉस एंजेलिसच्या दोन फ्रीवेंजवळ हे मोजलं गेलं. फ्रीवे म्हणजे सिग्नल नसलेले रुंद द्रुतगती रस्ते. एकावर मुख्यतः मोटारी होत्या, दुसऱ्यावर डिझेलच्या ट्रकांची मोठी वर्दळ. धुरातले अतिसूक्ष्म कण मोजले, तर रस्त्याच्या कडेला ते प्रचंड होते. वारा जिकडे जातो त्या बाजूला शंभर मीटरच्या आत संख्या झपाट्यानं घसरली आणि तीनशे मीटरवर ती शहराच्या इतर हवेएवढी झाली. काही कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, काहींची वाफ होते, बाकीचे पसरतात. दिवसा तरी असा हिशेब दिसला.

तीनशे मीटर म्हणजे काय? शाळेचं मैदान आणि त्यापलीकडची एक गल्ली. दक्षिण कॅलिफोर्नियातल्या बारा गावांमधल्या ३,६७७ मुलांचा दहाव्या वर्षापासून अठराव्या वर्षापर्यंत माग ठेवून २००७ मध्ये एक अहवाल प्रसिद्ध झाला. फ्रीवेपासून पाचशे मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ, दीड किलोमीटरपेक्षा दूर राहणाऱ्या मुलांच्या मानानं कमी भरली होती. गावाची एकंदर हवा चांगली असो वा वाईट, हा फरक वेगळा दिसत होता. फुप्फुसाची वाढ या वयात व्हायची तेवढीच होते, नंतर भरून निघत नाही.

आणखी एक अभ्यास २०११ मधला, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या राज्यांचा. तिथल्या टोलनाक्यांवर गाडी न थांबवता पैसे वळते करून घेणारी यंत्रणा बसली आणि रांगा मोडल्या. जेनेट करी आणि रीड वॉकर या अर्थशास्त्रज्ञांनी नाक्यांजवळ जन्मलेल्या बाळांच्या नोंदी काढल्या. नाक्यापासून दोन किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांमध्ये, थोड्या दूरच्या मातांच्या तुलनेत, अपुऱ्या दिवसांच्या प्रसूती सुमारे १०.८ टक्क्यांनी आणि कमी वजनाची बाळं ११.८ टक्क्यांनी घटली. नाक्यावर थांबलेली गाडी भोवरा उठवत नाही. पुन्हा वेग घेताना इंजिन जास्त जाळतं, ते वेगळंच. आपल्याकडे २०२१ च्या फेब्रुवारीपासून राष्ट्रीय महामार्गांवर फास्टॅग सक्तीचा झाला, तेव्हा सगळी चर्चा वाचलेल्या मिनिटांची आणि डिझेलची झाली. नाक्याजवळच्या वस्तीत त्याच सुमारास पाळणे हलत असतील, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

आता जरा माझी गोष्ट. निवृत्त झाल्यापासून मी पहाटे पाचला फिरायला निघतो. घराजवळच्या हमरस्त्यानं जायचं आणि तसंच परत यायचं. त्या वेळी रस्ता मोकळा, हवा गार, म्हणून शुद्ध. ही माझी खात्री होती आणि लहानपणापासून हेच शिकवलेलं आहे. २००८ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी लॉस एंजेलिसलगतच्या सँटा मोनिकामध्ये नेमक्या याच वेळी मोजणी केली. विजेवर चालणाऱ्या गाडीत उपकरणं ठेवली, म्हणजे स्वतःचा धूर मोजणीत मिसळायला नको. सूर्योदयाआधी फ्रीवेवर गाड्या दिवसापेक्षा कमी होत्या, पण त्यांचा धूर तीनशे मीटरवर थांबत नव्हता. तो दोन किलोमीटरच्या पलीकडेही ओळखू येत होता. रात्रभर जमीन थंड झालेली असते, जमिनीलगतची हवा जड होऊन बसते, वारा जवळजवळ नसतो आणि ऊन अजून घुसळायला आलेलं नसतं. पातेल्यावरचं झाकण या वेळी अगदी खाली, घरांच्या छपरांजवळ आलेलं असतं. धूर वर जात नाही, जमिनीला धरून आडवा पसरत जातो. सूर्य वर आला, की झाकण उचललं जातं. लोक खिडक्या उघड्या टाकून झोपलेले असतात तेव्हा हा धूर घरात शिरतो, असं त्या संशोधकांनी लिहिलं.

२००३ मध्ये कॅलिफोर्नियानं कायदा केला, की गजबजलेल्या फ्रीवेपासून पाचशे फुटांच्या आत, काही अपवाद सोडले तर, नवी शाळा बांधायची नाही. पाचशे फूट म्हणजे दीडशे मीटर. शाळा सकाळी भरते आणि दुपारी सुटते, तेव्हा दिवसाच्या हिशेबानं हे अंतर अगदीच अपुरं नाही. घरांसाठी मात्र असा कायदा झाला नाही. हवा मंडळानं २००५ मध्ये तेवढ्याच अंतराचा सल्ला दिला आणि तो सल्लाच राहिला. जागा महाग आणि रस्त्यालगतची त्यातल्या त्यात स्वस्त, म्हणून त्यानंतरही तिथं इमारती होत राहिल्या. त्यांत राहायला कोण येतं, हे वेगळं सांगायला नको.

मी फिरण्याची वेळ बदलली आहे. आता साडेसातला निघतो आणि हमरस्त्याकडे न वळता मागच्या टेकडीकडे जातो. पूर्वीच्या वाटेवरची मंडळी अधूनमधून भेटतात आणि आळशी झालात म्हणून चिडवतात. त्यांना हे सगळं सांगून पाहिलं. एकानं मान डोलावली, म्हणाला, पण पहाटे रस्त्यावर तर काहीच दिसत नाही हो.